पित्तनलिकेचा कर्करोग: जागृतीचे आणि मदतीचे काम बडोद्यात कसे सुरू करावे

स्तनाचा किंवा तोंडाचा कर्करोग म्हटला, की तपासणी शिबिरे, माहितीपत्रके आणि मदत करणारी मंडळे शोधली तर सापडतात. पित्तनलिकेच्या कर्करोगाचे तसे नाही. हा आजार विरळा आहे. पाश्चात्त्य देशांत लाखामागे वर्षाला साधारण एक-दोन जणांना तो होतो. ज्या घरात तो येतो, त्या घराने ‘कोलॅन्जिओकार्सिनोमा’ हे नाव बहुधा प्रथमच ऐकलेले असते, आणि ते नातेवाइकांना नीट सांगता येऊ लागेपर्यंत उपचारांचे मोठे निर्णय घ्यायची वेळ येऊन ठेपलेली असते. आपल्या घरात, पोळात किंवा सोसायटीत असा रुग्ण आहे, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या इतरांसाठी काही करावे असे मनापासून वाटते, पण आरंभ कोठून करावा हे उमगत नाही, अशा बडोद्याच्या मराठी मंडळींसाठी हे मार्गदर्शन आहे.

हिरव्या फिती, फेऱ्या आणि भाषणे यांना त्यांची जागा आहे. परंतु माझ्या मते या कामाचे मोल दोनच गोष्टींवर ठरते. कावीळ झालेल्या माणसाची सोनोग्राफी वेळेत झाली का, आणि निदान झालेल्या घराला रोजच्या कामांत कोणी हात दिला का? पुढची प्रत्येक पायरी या दोन प्रश्नांकडे पाहून मांडली आहे.

पहिली पायरी: आधी स्वतः आजार समजून घ्यावा

यकृतात सतत पित्तरस तयार होतो आणि नळ्यांच्या जाळ्यातून तो लहान आतड्यात उतरतो. झाडाच्या बारीक फांद्या एकत्र येत शेवटी बुंध्याला मिळाव्यात, तशा यकृतातल्या बारीक नलिका यकृताच्या दाराशी एकत्र येतात आणि तेथून एक मोठी नलिका खाली आतड्यापर्यंत जाते. या नलिकांच्या अस्तरात कर्करोग झाला, तर तो नेमका कोठे आहे यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. यकृताच्या आत, यकृताच्या दाराशी दोन मुख्य नलिका मिळतात त्या संगमावर, किंवा खाली स्वादुपिंडाजवळच्या भागात, असे त्याचे तीन प्रकार मानले जातात. संगमावरच्या गाठीला अमेरिकन डॉक्टर जेराल्ड क्लॅटस्किन यांच्या १९६५ मधील लेखनावरून ‘क्लॅटस्किन ट्यूमर’ असेही म्हणतात. रुग्णाच्या कागदांवर हे नाव दिसले, तर तो वेगळा आजार समजू नये.

संगमावरची किंवा खालची गाठ पित्ताची वाट अडवते, म्हणून तिथे कावीळ हे बहुधा पहिले लक्षण असते: डोळे पिवळे, लघवी गडद चहासारखी, शौचाचा रंग मातकट-पांढरट, आणि अंगावर पुरळ नसताना सर्वांगाला, विशेषतः रात्री तळहात-तळपायांना, असह्य खाज. पोट दुखेलच असे नाही, आणि दुखत नाही म्हणूनच लोक थांबून राहतात. यकृताच्या आतली गाठ मात्र बराच काळ गप्प असते. वजन उतरणे, भूक मरणे, उजव्या बरगडीखाली जडपणा एवढेच जाणवते आणि पुष्कळदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती सापडते.

लोकांशी बोलताना दोन गैरसमज आरंभीच दूर करावेत. ॲसिडिटीशी या आजाराचा संबंध नाही; आंबट ढेकरा येणाऱ्या प्रत्येकाला घाबरवून सोडणे ही जागृती नव्हे. तसेच पित्ताशयाचा कर्करोग आणि पित्तनलिकेचा कर्करोग हे शेजारी असले तरी निराळे आजार आहेत, आणि पित्ताशयातल्या खड्यांचे ऑपरेशन झाले म्हणून नलिका सुरक्षित झाली असे होत नाही.

कारणांविषयी बोलताना अधिक जपावे. नलिकांना दीर्घकाळ सूज आणणारा ‘प्रायमरी स्क्लेरोसिंग कोलॅन्जायटिस’ हा विकार, नलिकांचे जन्मजात फुगवटे, यकृतातल्या नलिकांमधले खडे, हेपटायटिस बी आणि सी, सिऱ्होसिस (यकृत घट्ट होत जाण्याचा विकार) यांमुळे धोका वाढतो. ईशान्य थायलंडमध्ये गोड्या पाण्यातले कच्चे मासे खाल्ल्याने पोटात जाणारा यकृतातला चपटा कृमी हे मोठे कारण आहे, आणि जगातील या आजाराचे सर्वाधिक प्रमाण त्याच भागात आढळते. जपानमध्ये ओसाका येथील एका छपाई कारखान्यातल्या कामगारांमध्ये हा आजार आढळल्यावर एका द्रावकाचा संबंध पुढे आला. पण बहुतेक रुग्णांच्या बाबतीत यांपैकी एकही कारण सापडत नाही. म्हणून पुराव्यावाचून शहराजवळच्या कारखान्यांवर बोट ठेवू नये, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रुग्णाच्या सवयींवर ठेवू नये. आयुष्यात दारूला हात न लावलेल्या माणसाच्या घरी जाऊन ‘प्यायचे का हो?’ असे विचारणारे भेटतात, आणि हा एक प्रश्न त्या घराला कित्येक दिवस पोळत राहतो.

दुसरी पायरी: एकच संदेश ठरवावा

पत्रकावर सगळा आजार मांडायचा मोह टाळावा. कागदाच्या मध्यभागी ठळक अक्षरांत एवढेच असावे: ‘डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, पुरळ नसताना खाज. यांपैकी काही दिसले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा आणि सोनोग्राफी करायची का, हे स्वतःहून विचारा.’ त्याखाली बारीक अक्षरांत लिहावे, की कावीळ पुष्कळ साध्या कारणांनीही होते आणि तिचे कारण शोधणे हाच या संदेशाचा हेतू आहे.

हा संदेश आपल्याकडे नेमका कोठे अडतो, हे ठाऊक असावे. कावीळ झाली, की ती ‘उतरवण्यासाठी’ नेण्याची पद्धत मराठी घरांत आहे तशी गुजराती घरांतही आहे, जिथे तिला ‘कमळो’ म्हणतात. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळे होते, गळ्यात घातलेली मुळ्यांची माळ दिवसेंदिवस लांब होत जाते, आणि रोग बाहेर पडतो आहे अशी सर्वांची खात्री पटते. दूषित पाण्यातून होणारी विषाणूजन्य कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते, त्यामुळे या उपायांची कीर्ती टिकून राहते. नलिका अडल्याने झालेली कावीळ मात्र अशी ओसरत नाही. माळ लांबत राहते आणि शस्त्रक्रियेची संधी आखडत जाते. तरीही आजीच्या श्रद्धेची टिंगल करून काही साधत नाही. ‘माळ घालायची तर घाला, काकू, पण रक्त आजच देऊ आणि सोनोग्राफी उद्या करून घेऊ,’ असे म्हटले तर दार बंद होत नाही.

पथ्याबद्दलही एक सूचना करावीशी वाटते. ऊस आणि उकडलेल्या भाज्या एवढ्यावर आठवडेच्या आठवडे काढलेला रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतो तेव्हा इतका खंगलेला असतो, की आधी त्याची ताकद भरून काढावी लागते.

तिसरी पायरी: ज्यांच्याकडे कावीळ आधी जाते, त्यांच्याकडे जावे

मोठ्या सभागृहातल्या व्याख्यानाला निरोगी आणि उत्साही माणसे येतात. आपल्याला हवा असतो तो माणूस त्या वेळी औषधांच्या दुकानात उभा असतो. रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात एखाद्या केमिस्टशी दहा मिनिटे बोलून पाहावे. खाजेचे मलम तिसऱ्यांदा न्यायला आलेला पन्नाशीचा गृहस्थ, ज्याच्या हातावर ओरखडे आहेत पण पुरळ नाही, तो त्यांनी पाहिलेला असतो. त्या गृहस्थाच्या डोळ्यांकडे एकदा नीट पाहून ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढे सांगणारा केमिस्ट हा या कामातला सर्वांत मोलाचा साथीदार होय. पत्रक त्यांच्या काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवावे, म्हणजे ते गिऱ्हाइकांपेक्षा त्यांच्या स्वतःच्या नजरेसमोर राहील.

गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांना शिकवायला जाऊ नये; भेट म्हणून जावे. त्यांच्यासाठी वेगळे, अर्ध्या पानाचे टिपण तज्ज्ञांकडून करून घ्यावे: थेट बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारा पिवळा घटक) आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले, त्या मानाने एसजीओटी-एसजीपीटी फारसे नाही, असा रक्ताचा अहवाल आला तर अडथळ्याची शंका धरावी आणि पित्तनलिका रुंदावल्या आहेत का ते सोनोग्राफीत पाहावे. पॅथॉलॉजी लॅबमध्येही हेच टिपण द्यावे.

पत्रक मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत छापावे. आपल्याच घरांतली गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली मुले-सुना मराठी बोलतात सफाईने, पण औषधाविषयीचा मजकूर गुजरातीत अधिक पटकन वाचतात, आणि रुग्णाला दवाखान्यात नेण्याचे काम बहुधा त्यांच्याकडेच असते. छापण्यापूर्वी मजकूर कर्करोगतज्ज्ञ किंवा पोटविकारतज्ज्ञ यांच्याकडून तपासून घ्यावा. पत्रकासाठी पैसे देणाऱ्या कोणाचीही ‘कर्करोग हमखास बरा’ अशी जाहिरात त्यावर घेऊ नये. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानुसार कर्करोग बरा करण्याचा दावा जाहिरातीत करण्यास मनाई आहे.

चौथी पायरी: दिवस निवडावा

फेब्रुवारी हा महिना या आजाराच्या जागृतीसाठी पाळला जातो, त्यातला तिसरा गुरुवार हा जागतिक कोलॅन्जिओकार्सिनोमा दिन असतो आणि त्याचा रंग हिरवा. याच महिन्याचा अखेरचा दिवस दुर्मीळ आजारांसाठी राखलेला आहे. आपल्या सोयीची गोष्ट अशी, की २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिनासाठी मंडळी एकत्र येतातच. त्या कार्यक्रमाच्या आधी आयोजकांकडे दहा मिनिटे मागावीत. स्वतंत्र सभा भरवण्यापेक्षा हे सोपे पडते आणि श्रोतेही आयते मिळतात. परीक्षांचे दिवस जवळ आलेले असतात, तेव्हा संध्याकाळी ध्वनिक्षेपक लावून लोकांचा रोष ओढवून घेऊ नये. गणेशोत्सवात मंडपाबाहेर एक टेबल मांडता येते, पण तिथे गर्दीत कोणी थांबत नाही. पत्रके वाटण्यापलीकडे फारशी अपेक्षा ठेवू नये. भजनी मंडळे आणि महिला मंडळे यांचा उपयोग मात्र कल्पनेपेक्षा अधिक होतो, कारण घरात कोणाचे डोळे पिवळे दिसू लागले हे आधी बायकांच्या लक्षात येते.

रुग्णाचे नाव, छायाचित्र किंवा अहवाल त्याच्या लेखी संमतीवाचून कोठेही देऊ नये, कुटुंबातल्या दुसऱ्या कोणी परवानगी दिली तरीही.

पाचवी पायरी: निदान झालेल्या घरात प्रवेश

येथून खऱ्या मदतीला सुरुवात होते, आणि येथे चार-पाच जणांचा गट पुरेसा असतो. एकाने दवाखाना आणि कागद, एकाने पैसे आणि योजना, एकाने जेवण आणि मुले, एकाने रात्री-अपरात्री गाडी, अशी वाटणी करावी. ‘काही लागले तर सांगा’ हे वाक्य सर्वांनी टाळावे. संकटातल्या माणसाला मागता येत नाही. ‘वहिनी, गुरुवारी दादांबरोबर मी येतो, फाइल मी धरतो, तुम्ही फक्त डॉक्टरांचे ऐका,’ असे नेमके सांगितले की नकार सहसा येत नाही.

फाइलचे काम मी सर्वांत वरचे मानते. जाड प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे कागद तारखेनुसार लावावेत, आणि सर्वांत वर एकच पान असावे: नाव, वय, रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी, निदान आणि गाठीची जागा, बायोप्सीची तारीख, स्टेंट, म्हणजे पित्ताची वाट मोकळी ठेवणारी नळी, केव्हा बसवला आणि तो प्लास्टिकचा की धातूचा, शेवटचे बिलिरुबिन, चालू औषधे, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन. रात्री दोन वाजता इमर्जन्सीत नवखा डॉक्टर समोर असतो तेव्हा हे एक पान तासभर वाचवते. सीटी आणि एमआरआयच्या फिल्मबरोबर सीडीही मागून घ्यावी. दुसरा तज्ज्ञ फिल्मपेक्षा सीडी पाहणे पसंत करतो.

मग येतो केंद्राचा प्रश्न. पूर्ण बरे होण्याची आशा मुख्यत्वे शस्त्रक्रियेतून असते, आणि ही शस्त्रक्रिया पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांतही अवघड समजली जाते. म्हणून यकृत आणि पित्तनलिकांच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या पथकाचे मत प्रत्येक रुग्णाला एकदा मिळालेच पाहिजे, भले आधीच्या डॉक्टरांनी ‘ऑपरेशन शक्य नाही’ असे सांगितले असो. बडोद्यात सयाजी रुग्णालय आहे, वाघोडियाजवळ गोरजला मुनी सेवा आश्रमाचे कैलाश कॅन्सर हॉस्पिटल आहे, अहमदाबादला असारव्यात गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, आणि मुंबईला परळचे टाटा मेमोरियल, जे १९४१ पासून सुरू आहे. कोठे जायचे हे रुग्ण आणि कुटुंब ठरवील. आपण भेटीची वेळ मिळवून देणे आणि कागद पोचवणे एवढे करावे.

तज्ज्ञांना विचारायचे काही प्रश्न आधी लिहून न्यावेत, कारण त्या खोलीत सगळे सुचत नाही. पहिला प्रश्न स्टेंटविषयी. कावीळ उतरवण्यासाठी एन्डोस्कोपीने नळी बसवण्याची घाई होते, पण एकदा नळी बसली की गाठीची चित्रे धूसर होऊ शकतात. म्हणून ताप किंवा जंतुसंसर्ग नसेल तर आधी सीटी आणि एमआरसीपी (पित्तनलिकांची एमआरआय तपासणी) व्हावी आणि शस्त्रक्रियातज्ज्ञांनी ती पाहावी, हे शक्य आहे का, असे विचारावे. दुसरा प्रश्न बायोप्सीच्या तुकड्याविषयी. आजार शस्त्रक्रियेच्या पलीकडे असेल तर त्या तुकड्याची जनुकीय तपासणी उपयोगी पडू शकते. यकृताच्या आतल्या प्रकारात काही रुग्णांमध्ये एफजीएफआर२ किंवा आयडीएच१ या जनुकांत बदल सापडतात आणि त्यांवर नेमकी औषधे आहेत. यासाठी तुकड्याचा मेणातला ठोकळा लॅबमधून मागून जपून ठेवता येईल का, आणि तपासणीला किती खर्च येईल, हे आधीच विचारावे. तिसरा प्रश्न या कर्करोगात केल्या जाणाऱ्या सीए १९-९ या रक्तचाचणीविषयी: नुसत्या काविळीतही हा आकडा चढतो आणि काही माणसांच्या शरीरात तो तयारच होत नाही, तेव्हा त्या एका आकड्यावर घरातल्यांनी रडू नये आणि हुरळूनही जाऊ नये.

औषधांची नावे कानावरून गेलेली असावीत, म्हणजे संभाषण समजते. शस्त्रक्रियेनंतर बहुधा सहा महिने कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्या जातात. पुढच्या टप्प्यातल्या आजारात २०१० पासून जेमसिटाबिन आणि सिसप्लॅटिन ही जोडी मुख्य उपचार आहे, आणि २०२२ नंतर तिच्यासोबत ड्युरव्हालुमॅब हे प्रतिकारशक्तीवर काम करणारे औषध देता येऊ लागले. ते महाग आहे. कोणते औषध घ्यावे याविषयी स्वयंसेवकाने चकार शब्द काढू नये. दुसऱ्या रुग्णाला काय लागू पडले ते सांगणेही धोक्याचेच.

सहावी पायरी: पैसा आणि प्रवास

आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली आणि गुजरातमध्ये तिची राज्याच्या ‘मा’ या आरोग्य योजनेशी सांगड आहे. पात्र कुटुंबासाठी येथे संरक्षणाची मर्यादा जुलै २०२३ पासून वर्षाला १० लाख रुपये झाली आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड काढता येते, आणि ही गोष्ट सुस्थितीतल्या मराठी घरांत पुष्कळांच्या गावी नसते. कार्ड आजारपण येण्याआधीच काढलेले बरे. रुग्णालयात भरती होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटून ठरलेली शस्त्रक्रिया किंवा केमो योजनेत बसते का आणि कोणता खर्च बाहेर राहतो, हे विचारून घ्यावे. शंका असल्यास १४५५५ या क्रमांकावर विचारता येते. याखेरीज पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीकडे कर्करोगाच्या उपचारांसाठी अर्ज करता येतो. त्याला रुग्णालयाने दिलेला खर्चाचा अंदाज जोडावा लागतो.

रेल्वेची सवलत तर सहज मिळण्यासारखी असूनही वाया जाते. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीमध्ये पूर्ण भाडेमाफी आहे आणि सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गांत ७५ टक्के सूट. रुग्णालयातून ठरावीक नमुन्यातला दाखला सही-शिक्क्यासह घेऊन तिकीट खिडकीवर काढावे. मुंबईत राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवासदन ही ठिकाणे परगावच्या रुग्णांना ठाऊक असावीत. जागा मोजक्या असतात आणि रुग्णालयाची कागदपत्रे लागतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन करावा.

वर्गणी गोळा करायची झाली तर ती थेट रुग्णालयाच्या खात्यात किंवा रुग्णाच्या स्वतःच्या खात्यात जावी, स्वयंसेवकाच्या नव्हे. दर आठवड्याला हिशेब लिहून कुटुंबाच्या हाती द्यावा.

सातवी पायरी: घरातली काळजी, आणि ताप

एन्डोस्कोपीने आत बसवलेली नळी बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तिचा विसर पडतो. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबू लागतो आणि बदलावा लागतो. ती तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवावी आणि गटातल्या एकाने आपल्या मोबाइलमध्येही.

काहींच्या कुशीतून नळी बाहेर काढून पिशवी लावलेली असते. ती पिशवी नळीच्या तोंडापेक्षा नेहमी खाली असावी, झोपताना नळीला मुडप पडू नये, त्वचेजवळची पट्टी कोरडी राहावी, आणि रोज किती पित्त जमले व त्याचा रंग कसा होता ते वहीत लिहावे. पित्त एकाएकी कमी झाले, नळीच्या बाजूने झिरपू लागले किंवा त्यात रक्त दिसले, तर त्याच दिवशी कळवावे. पुष्कळ पित्त बाहेर जात असेल तर शरीरातले पाणी आणि क्षारही जातात. ओआरएस किंवा मिठाची पेज किती द्यावी, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

या साऱ्या पायरीत एकच वाक्य पाठ करायचे असेल तर ते हे: नळी असलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री रुग्णालयात न्यावे. अडलेल्या नलिकेतला जंतुसंसर्ग रक्तात पसरायला वेळ लागत नाही, आणि प्रतिजैविके सुरू करून अडथळा मोकळा केला तर तोच रुग्ण दोन दिवसांत उठून बसू शकतो. केमो चालू असताना आलेला तापही असाच तातडीचा समजावा. गटातल्या गाडीवाल्याचा फोन रात्री चालू असलाच पाहिजे, तो यासाठी.

जेवण नेणाऱ्यांनी आधी विचारावे. आतड्यात पित्त पोचत नसेल तर तेलकट पदार्थ पचत नाहीत. प्रेमाने नेलेली भाकरवडी किंवा सेव-उसळ घरातल्यांनाच खावी लागते. मऊ भात आणि वरण, मुगाची खिचडी, ताक, उकडलेले अंडे चालत असेल तर तेही, थोडे थोडे पण दिवसातून पाच-सहा वेळा, असे साधारण सोसते. स्वादुपिंडाचा भाग काढलेल्या रुग्णाला पचनासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल जेवताना घ्याव्या लागतात. त्या जेवणानंतर तासाने घेतल्या तर उपयोग होत नाही.

रुग्णाची ताट-वाटी वेगळी ठेवणाऱ्या घरात शांतपणे सांगावे, की ही कावीळ लागट नाही. नातवंडाला मांडीवर घ्यायला आजोबांनी भ्यावे असे काही कारण नाही.

आठवी पायरी: बोलणे

रुग्णाला त्याच्या आजाराविषयी किती ठाऊक आहे आणि किती ठाऊक करून घ्यायचे आहे, हे घरातल्यांकडून समजून घेतल्यावाचून तोंड उघडू नये. पण ‘त्यांना काही सांगू नका’ असे कुटुंबाने सांगितले, तरी रुग्णाने सरळ विचारले असता खोटे बोलू नये. ‘हे डॉक्टरांना आपण दोघे मिळून विचारू’ असे म्हणता येते. चमत्काराच्या गोष्टी, दूरच्या गावच्या वैद्याचे पत्ते, अमक्याचे सहा महिन्यांत काय झाले ते वर्णन, हे सगळे दाराबाहेर ठेवावे. क्रिकेट, नाटक, नातवाच्या खोड्या यांवर बोलण्यास परवानगी लागत नाही, आणि रुग्णाला बहुतेक वेळा तेच हवे असते.

सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे, म्हणजे बहुधा पत्नीकडे किंवा सुनेकडे, कोणाचे लक्ष नसते. आठवड्यातून दोन तास तिला घराबाहेर पडता यावे म्हणून कोणीतरी रुग्णाजवळ बसावे. रात्र-रात्र झोप नसेल, रडू आवरत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत आणि गुजरातीतही बोलता येते.

नववी पायरी: उपशामक उपचार

उपशामक उपचार म्हणजे ‘आता काही उरले नाही’ असे समजून ते अखेरीस ठेवले जातात, आणि त्यामुळे कित्येक रुग्ण नाहक वेदना सोसतात. खाज, मळमळ, वेदना आणि झोप यांवरचे उपचार केमोबरोबर, अगदी निदानाच्या पहिल्या महिन्यापासून सुरू करता येतात. उपचार चालू असलेल्या रुग्णालयात तशी शाखा आहे का ते पहिल्या भेटीतच विचारावे. वेदना फार असतील तर मॉर्फीन हे योग्य औषध आहे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतले तर व्यसन लागण्याची भीती बाळगू नये. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ते रुग्णालयांना उपलब्ध करून देणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. औषध कुलपात ठेवावे, दिलेल्या प्रत्येक मात्रेची नोंद करावी, आणि उरलेले औषध रुग्णालयात परत द्यावे.

रुग्ण गेल्यानंतर तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते. गटाची गरज चौदाव्या दिवसापासून लागते. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, विमा, बँकेचे नामनिर्देशन, निवृत्तिवेतन यांसाठी एकाने सोबत जावे, भाड्याने आणलेली खाट आणि ऑक्सिजनचे यंत्र परत पोचवावे. त्यानंतर काही महिने उलटल्यावर, त्यापूर्वी मुळीच नाही, घरातल्यांना एकदा विचारावे, की नव्याने निदान झालेल्या एखाद्या कुटुंबाशी फोनवर बोलायची त्यांची इच्छा आहे का. ‘नाही’ म्हणाले तर तो विषय पुन्हा काढू नये. ‘हो’ म्हणाले तर त्यांचा क्रमांक आणि दिवसातली सोयीची वेळ वहीत लिहून घ्यावी, आणि तो क्रमांक कोणालाही देण्यापूर्वी प्रत्येक वेळी त्यांना विचारावे.